सूपभर कोंडा

माझ्या नाकाच्या पाळीला एक बारीक छिद्र आहे. आता बुजत आलंय, पण उन्हात उभा राहिलो की दिसतं. भंडाऱ्याच्या कोर्टात नवा होतो तेव्हा एका म्हाताऱ्या अशिलानं चारचौघांत विचारलं होतं, "वकीलसाहेब, तुमी दंडारीत बाईचं काम करत होते काय गा?" मी त्याला असा झापला की बिचारा कागद घेऊन दुसऱ्या वकिलाकडे गेला. राग मला लवकर येतो, आणि त्या छिद्रावरून कोणी बोललं की भल्ला येतो.

ते छिद्र मला विकलं त्या दिवसाचं आहे. हो, विकलं.

माझा जन्म करडीचा. माझ्या आधी दोन भाऊ होऊन गेले, दोघंही रांगायच्या आत. तिसरा मी. मग आमच्याकडे अशा वेळी जे करतात तेच घरच्या बायांनी केलं. माझं नाक टोचलं, मला सुपात निजवलं आणि ते सूप नेऊन मागच्या उकिरड्यावर ठेवलं. आईची धाकटी बहीण भंडाऱ्याहून तिचं बाळंतपण करायला आली होती. ती ओळखपाळख नसल्यासारखी बाहेरच्या रस्त्यानं चालत आली आणि उकिरड्यापाशी थांबली.

"काय वो बाई, इकता काय हे?"

"इकतो," आईनं म्हणायचं.

"काय घेता?"

"सूपभर कोंडा द्या, अन् घेऊन जा."

कोंडा म्हणजे धान कांडल्यावर उरतं ते, ढोरांपुढं टाकायचं. मरण पुन्हा पोरगा शोधत दाराशी आलंच, तर त्याला कळावं की या घरात पोरगा नाही. होता तो विकून टाकला, आणि तोही कोंड्यावर. असल्या फुकटच्या मालासाठी कोण कशाला पायपीट करेल? आमच्या भागात असे विकलेले लोक गावोगाव सापडतील. संध्याकाळी घेणारी बाई पोराला गुपचूप आईच्या मांडीवर आणून ठेवते, पोरगा घरीच वाढतो, आणि पुढं लग्नात त्याची सगळे मिळून टिंगल करतात.

माझ्या बाबतीत मात्र संध्याकाळी तसं झालं नाही. आईला ताप भरला, दूध आटलं. बहीण म्हणाली, चार दिवस मी नेतो, तू बरी हो. ती मला भंडाऱ्याला घेऊन गेली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. ते चार दिवस काही संपले नाहीत. ना कुठं पूजा झाली, ना कागद झाला, पण शाळेत नाव घातलं तेव्हा बापाच्या जागी तिच्या नवऱ्याचं नाव लागलं आणि मी कोष्टीपुऱ्यातला झालो.

म्हणून जिनं मला जन्म दिला तिला मी मावशी म्हणतो, आणि जिनं वाढवलं तिला माय. यात लपवाछपवी काही नव्हती. मला कळायला लागलं तेव्हापासून मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, शेजारच्या कुत्र्यालासुद्धा माहीत असेल. फक्त एक होतं. मावशीनं मला कधी, चुकूनसुद्धा, "माहा पोरगा" म्हटलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी करडीला जायचो. ती अंगणात धान वाळवत असायची. डोळ्यांवर हात धरून बघायची आणि म्हणायची, "आले काय पाव्हने? बसा." अहो, मी सात-आठ वर्षांचा पोट्टा, आणि मला "बसा"! कोणी विचारलं, हे कोण, तर म्हणायची, "बहिनीचं हाये." माझ्यानंतर तिला एक मुलगी झाली. त्या घरातलं मरण पोरांच्याच मागावर होतं अशी तिची पक्की समजूत, त्यामुळे मुलीच्या बाबतीत तिला धास्ती नव्हती. तिला ती दिवसभर "माही पोट्टी, माही पोट्टी" करायची आणि वेळप्रसंगी झोडपायचीही. बहीण रडत माझ्याकडे यायची आणि मला तिचा हेवा वाटायचा. त्या माराचा हेवा वाटायचा, खरं सांगतो.

हे सगळं मी कधीचं गिळून टाकलं होतं. वकील झालो, लग्न झालं, भंडाऱ्यात बस्तान बसलं. मग डोक्यात आलं की एलएलएम करावं, आणि नागपूरला प्रवेश घेतला. ऐच्छिक विषयांत रोमन कायदा होता. वर्गात तो घेणारे आम्ही अगदी मोजके. बाररूममध्ये सगळे हसले. "बाप्पा! इथं शेताच्या धुऱ्याचे भांडणं चालून राहिले अन् हा चालला रोमले." मीही हट्टी. कोणी हसलं की मी तेच करतो.

सर म्हातारे होते, आवाज बसलेला, शिकवताना खिडकीकडे बघायचे. पण विषयात त्यांचा जीव होता. ते म्हणायचे, युरोपातले निम्मे कायदे याच मातीत उगवले. फ्रान्सनं, जर्मनीनं उघडपणे घेतलं, इंग्रजांनी थोडं लपवून घेतलं, आणि इंग्रजांच्या मागून ते तुमच्या भंडाऱ्याच्या कोर्टात येऊन बसलं. "तुमच्या कायद्यात पानोपानी 'असे मानण्यात येईल' असतं की नाही? नसलेली गोष्ट आहे असं धरून चालायचं. कंपनी माणूस आहे, देव जमिनीचा मालक आहे. ही विद्या रोमनांची." मी वहीत लिहून घेत होतो आणि मनात म्हणत होतो, छान, शोधनिबंधाला विषय मिळाला.

पुढच्या तासाला त्यांनी दत्तकाचं प्रकरण काढलं. रोममध्ये पोरगा हा बापाच्या हातातली वस्तू. बाप त्याला विकू शकायचा. विकत घेणाऱ्यानं सोडून दिलं की पोरगा परत बापाच्याच हातात. पुन्हा विकला, पुन्हा सुटला, पुन्हा बापाकडे. पण त्यांच्या बारा पाट्यांवर कोरलेल्या जुन्या कायद्यात एक कलम होतं: बापानं पोराला तीनदा विकलं, तर पोरगा बापापासून मोकळा. कलम होतं लालची बापाला आवरायला. पुढच्या वकिलांनी त्याचाच उपयोग करून दत्तकाची रीत बसवली. पाच साक्षीदार, तराजू धरणारा एक माणूस, तांब्याचा एक तुकडा. घेणारा पोराला हात लावून म्हणायचा, हा माझा आहे, मी विकत घेतला आहे, आणि तांबं तराजूवर वाजवायचा. किंमत बिंमत काही नाही, नुसतं सोंग. असं तीनदा केलं की जन्मदात्याचा हक्क संपला.

माझा हात केव्हा नाकाकडे गेला मला कळलं नाही. हजारो कोस लांब, हजारो वर्षांपूर्वी, शहाण्यासुरत्या माणसांनी बसून जे कायद्याच्या ग्रंथात लिहिलं, ते आमच्या उकिरड्यावर दोन बहिणींनी सुपावर केलं होतं. आणि त्यांचं सोंग जसं खरं होऊन बसलं, तसंच आमचंही.

हे नुसतं नवल म्हणून राहिलं असतं. पण त्याच महिन्यात बहिणीचा फोन आला. ती बपेऱ्याला दिली आहे, तिथून करडीला आली होती. "दादा, मावशीचं पोट फुगलं हाये, डोये पिवये झाले. डॉक्टर म्हनते, घरी न्या, जे खावंसं वाटन ते खाऊ घाला." तीही माझ्यासमोर आपल्या सख्ख्या आईला मावशी म्हणते, मला वाईट वाटू नये म्हणून. मी कोर्टाच्या आवारात उभा होतो. आत माझी केस पुकारत होते आणि मला ऐकूच येत नव्हतं.

त्या क्षणी मला एकच गोष्ट हवी झाली, आणि ती हवी होती म्हणजे अशी की दुसरं काही सुचेना. ती जायच्या आत मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, "माहा पोरगा". एकदा. मग काय व्हायचं ते होवो.

तुम्ही म्हणाल, एवढा बोलका माणूस, तोंडानं मागून घ्यायचं. तेच तर जमत नव्हतं. तीस वर्षं "बसा पाव्हने" ऐकलेल्या माणसाला असं मागणं येत नाही. मी वकील, मी कायदा शोधायला गेलो. तासानंतर सरांना गाठलं. म्हटलं, समजा आईनंच पोराला विकलं, बाप धानाच्या बांधीत रोवणीला गेलेला, त्याला कोणी विचारलंच नाही, तर? सर खिडकीकडे बघत म्हणाले, "मग ती विक्रीच नाही. रोममध्ये आईचा पोरावर हक्क नसे. जे तिचं नाहीच, ते ती विकणार कसं?" चांगलं उत्तर होतं, माझ्या बाजूचं होतं. पण "जे तिचं नाहीच" हे ऐकून मी इतका चिडलो की सरांना धन्यवादही न म्हणता जिना उतरलो. मरो ते रोम, म्हटलं.

घरी आलो तर माय चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. आता माग एकच चालतो, पण ती बसते. मी बूट न काढताच विचारलं, "माय, मला किती वेळा विकलं?"

"हे काय इचारून राहिला?"

"सांग ना."

"एकदा जलमल्यावर. मंग तुले गोवर आला तवा. दिवाळीले करडीलेच होतो आपन, तापानं फनफनला होता तू. तिनं पुन्हा सूप काढलं. म्हने, त्याले इसर पडला असन."

"त्याले" म्हणजे मरणाला. मावशी त्याचं नाव घेत नसे.

"बस, दोनदाच?"

"दोनदाच. काहून?"

मला हसू फुटलं. वेड्यासारखं हसू. मी तिथंच फरशीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तराजू, तांबं, तीन विक्र्या. तीनदा विकलं तर पोरगा जातो, दोनदा विकलेला परत आपल्याच घरी येतो. "म्हणजे समजलं का? हिशोबानं मी अजून करडीचाच!"

चरखा थांबला. मायनं हातातली कांडी खाली ठेवली.

"मंग मी कोन?" ती म्हणाली.

मला चपराक बसल्यासारखं झालं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा कांडी उचलली. "जा, इचार तिले जे इचाराचं ते. तुह्या पोटात कवाचं दुखून राहिलं, मले का दिसत नाही काय? मी काही अडवत नाही."

शनिवारी करडीला गेलो. कारध्याचा पूल ओलांडला की पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या, कुठं कुठं चुरणं, म्हणजे धानाची मळणी, चालू. सकाळचं धुकं होतं, बसची काच फुटलेली, आणि माझ्या छातीत कफ धरला होता. मांडीवर रोमन कायद्याचे छापून घेतलेले कागद होते. पेपर तोंडावर आला होता. मी तीच ती ओळ वाचत होतो आणि काही डोक्यात शिरत नव्हतं.

मावशीची खाट उन्हात टाकली होती. किती वाळली होती ती! हातपाय काड्या आणि पोट तेवढं वर आलेलं. मला बघून डोळ्यांवर हात धरला.

"आले काय पाव्हने? बसा. पोरी, पाव्हन्याले च्या ठेव वो."

बहिणीनं चहा आणला. मी खाटेच्या काठावर बसलो आणि बोलायला तोंड उघडलं, तर दुसरंच बाहेर आलं. मी तिला रोमन कायदा शिकवायला लागलो! अजून आठवलं की कसंतरी होतं. मरणाच्या दारात टेकलेली बाई, आणि मी तिला सांगतोय पाच साक्षीदार कुठं उभे राहायचे. पण ती ऐकत होती. अगदी मन लावून ऐकत होती.

"त्यायचे बी पोट्टे मरत होते काय?" तिनं विचारलं.

"मरत असतील. पण ते त्यासाठी नव्हते विकत. वारसासाठी, घराण्यासाठी."

"अस्सं. अन् तराजू कायले? कोंडा नव्हता काय त्यायच्याकडं?"

बहीण तोंडावर पदर घेऊन हसली. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यानं जरा धीर आला. म्हटलं, "मावशी, त्यांच्यात दोनदा विकलेला पोरगा परत येतो. तू मला दोनदाच विकलंस. मायनं सांगितलं."

"हाव. दोनदाच."

"मग झालं तर."

ती म्हणाली, "अन् तिसऱ्यांदा इकलं तं?"

"मग कायमचा गेला. मग आधीच्या घराचा त्याच्यावर काहीच हक्क नाही."

"कोनाचाच नाही?"

"त्या घरातल्या कोणाचाच नाही."

"त्या घराच्या मागं जे लागलं असन, त्याचा बी नाही?"

मला तो प्रश्न तेव्हा नीट लागला नाही. मी माझ्याच नादात होतो. मी म्हटलं, नाही, काहीच नाही, सगळं तुटलं. आणि मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. "मावशी, एकदा म्हण ना. एकदाच. मी तुझा म्हणून. कोणी परकं नाही इथं."

तिनं मान वळवली. भिंतीकडे तोंड करून बहिणीला म्हणाली, "पाव्हन्याले बस गाठून दे. उशीर होऊन राहिला." दुपारचा एक वाजला होता. मी उठलो, आणि जाताना मला इतका खोकला आला की दाराला धरून उभं राहावं लागलं. पाठीमागून खाट करकरली. ती उठून बसायला बघत होती.

बसमध्ये मी रडलो. शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, ती म्हणाली, "कोनी वारलं का गा भाऊ?" मी तिच्यावरसुद्धा खेकसलो. नाही वारलं, आणि वारलं तरी माझं कोण लागतं ते? कोंबडीला छातीशी धरून ती बाई सरकून बसली.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. बहीण रोज फोन करायची. आज पाणीच घेतलं, आज तेही नाही. इकडं मला खोकल्याबरोबर ताप भरला, तो उतरेना. वाचायला बसलो की अक्षरं हलायची. मग एक दिवस मला सुचलं, आणि सुचल्यावर वाटलं, हे आधी कसं सुचलं नाही! रोममध्ये विकत घेणारा पोराला सोडून द्यायचा तेव्हाच तो परत जायचा. मला कोणी सोडलंच नव्हतं. सोडायला हवं होतं मायनं. ज्या रीतीनं घेतलं त्याच रीतीनं परत द्यायचं: सूप घेऊन जायचं, मावशीपुढं ठेवायचं, आणि म्हणायचं, घे तुझा. मग तिला म्हणावंच लागेल. रीत आहे म्हटल्यावर ती रीत मोडणार नाही.

मायला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि आत जाऊन सूप काढलं, झटकलं, पुसलं. म्हणाली, "कोंडा आन जा." मी स्वतः गिरणीवर गेलो. धानाच्या गिरणीवर मालकाला वाटलं मी म्हैस घेतली. पिशवीभर कोंडा घेऊन आलो. बसमध्ये माय सूप मांडीवर घेऊन, वर फडकं झाकून बसली होती. कंडक्टरनं विचारलं, "काकू, देवाला काय?" ती म्हणाली, "हाव, देवालेच."

मावशीला आता आत घेतलं होतं. खोलीत अंधार, तिचे डोळे पिवळेधमक. आम्ही गेलो तेव्हा पडल्या पडल्या श्वास मोजल्यासारखा घेत होती. माय तिच्या पायाशी बसली, फडकं काढलं, कोंडा सुपात ओतला. मग तिला हुंदकाच फुटला. "बाई," ती म्हणाली, "म्या लय दिवस ठेवला वो. तुहा तुले घे आता."

मला खोकल्याची उबळ आली. दाबायला गेलो तर जास्तच. वाकून वाकून खोकलो. उबळ थांबली तेव्हा मावशी माझ्याकडे बघत होती. तिनं हात केला, जवळ ये म्हणून. मी उशाशी वाकलो. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. तिचा हात थंडगार होता आणि माझं कपाळ तापलेलं.

"आंग जयून राहिलं तुहं," ती म्हणाली.

तुहं. मला पहिल्यांदा ती "तू" म्हणाली होती. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "मग म्हण ना. म्हण की, माहा पोरगा. मायनं सोडलं मला."

"येडा हायेस का तू?" ती अगदी हळू, माझ्या कानाशी बोलत होती. "तो माह्या उशाशी उभा हाये. इथंच, तुह्या बाजूले. जलमभर त्याले पत्ता लागू देल्ला नाही म्या. अन् आता त्याच्या तोंडावर सांगू काय, हा माहा हाये म्हून?"

ती थोडा दम घेत राहिली.

"दोनदाच झालं म्हनत होता ना तू? म्हून तो फिरून फिरून येते." मग मान उचलून ती मायला म्हणाली, "इचार वो."

मायला कळेना. "काय इचारू?"

"ते. उकिरड्यावरचं. इचार लवकर."

मायनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होतो, नको, नको म्हणून. मला ठाऊक होतं तिसरी म्हणजे काय. मीच तर सांगितलं होतं, खाटेच्या काठावर बसून, चहा पीत. पण माय मोठ्या बहिणीच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. तिनं रडत रडत विचारलं, "काय वो बाई, इकता काय हे?"

"इकतो!" मावशी ओरडली. आठवडाभरात तिचा इतका आवाज निघाला नव्हता, बहीण चुलीपुढून धावत आली. "इकतो मी याले. घेऊन जा. माहा काही लागत नाही हा. माहं काही लागत नाही!" आणि तिनं हात लांब करून सुपातला कोंडा मुठीत घेतला. मी गिरणीवरून आणलेला कोंडा. किंमत पोचली. मूठ छातीशी धरून ती पडून राहिली, बोटांच्या फटींतून कोंडा तिच्या लुगड्यावर सांडत होता.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे परक्यासारखं बघितलं. "जा आता, पाव्हने," ती म्हणाली. "खोकल्याले औषध घ्या."

माझा खोकला पुढं दोन-चार दिवसांत बरा झाला. गोळ्यांनी झाला, मला माहीत आहे. पेपरही दिला. तिहेरी विक्रीवर टीप लिहा म्हणून प्रश्न आला होता. मी तो सोडला आणि दुसरा लिहिला. निबंध अजून पुरा केलेला नाही. सर एकदा भेटले तेव्हा म्हणाले, विषय चांगला होता तुमचा.

मावशी गेली ती त्या विक्रीच्याच आठवड्यात. आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात घेतलं होतं. नवरा कधीचाच गेलेला, मुलगा नाही, म्हणून अग्नी द्यायला चुलत पुतण्याला उभं केलं होतं, त्याच्या हातात मडकं होतं. नदीवर नेलं. सरण रचून झालं. एक म्हातारा सगळं सांगत होता, कोणी कुठं उभं राहायचं, कोणी आधी पाणी द्यायचं, कोणाला किती दिवसांचं सुतक. सगळ्यांना लावून झाल्यावर तो माझ्यापाशी आला. बाहेरगावचा असावा, मला ओळखत नव्हता.

"अन् हे कोन व्हय? बाईचे कोन लागता तुमी?"

करडीतल्या त्या माणसांपैकी निम्म्यांना तरी ठाऊक होतं. पुतण्यानं मडकं थोडं माझ्या दिशेनं केलं, इतकं थोडं की वाटलं तर घ्या, नाही तर राहू द्या. एक शब्द बोललो असतो तर कोणी अडवलं नसतं. ते मडकं माझ्या खांद्यावर आलं असतं.

पण ती अजून तिथंच होती, सरणावर. आणि तिचं म्हणणं खरं असेल तर तोही तिथंच कुठंतरी उभा होता, ऐकत.

"मी त्यांच्या बहिणीचा पोरगा," मी म्हटलं. नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं. "माझं त्यांचं तसं काही लागत नाही."

"बरं, मंग तिकडं उभे राहा गा," म्हातारा म्हणाला, आणि मी तिकडं जाऊन पाहुण्यांमध्ये उभा राहिलो.